सगळे करतात म्हणून रिवाज होत नाही

ऑनलाइन दुकानदारीतल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवलं की मुसलमान विक्रेत्यांकडून हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं. 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' का लिहिता? सगळेच लिहितात. हातात नसलेला माल फोटोवर कसा विकता? सगळेच विकतात. भाऊबंदांकडून पाच-पाच तारे का लिहून घेता? त्याशिवाय कुणाचं चालतं? मग या 'सगळेच'वर शरीयतची मोहर उठवली जाते. इस्लामी कायदा रिवाज मानतो, फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, भाषेत त्याला उर्फ म्हणतात, बाजाराचा उर्फ आता असाच आहे, तेव्हा हे जाइज. नमाजनंतर मशिदीबाहेरच्या गप्पांत हे ऐकू येतं. इस्लामी अर्थकारणावर लिहिणारी शिकलेली माणसंही जरा जड शब्दांत तेच म्हणतात. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. ज्या तत्त्वाने गिऱ्हाइकाला आधार द्यायचा, तेच तत्त्व त्याच्या विरोधात उभं केलं जातंय.

समोरच्यांची बाजू आधी पुरती मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. 1869 ते 1876 या काळात ओटोमन साम्राज्यात अहमद जेवदत पाशांच्या नेतृत्वाखाली हनफी पंथाच्या फिकहचा व्यवहारविषयक भाग कलमवार लावला गेला. तोच 'मजल्ला'. त्यात 1851 कलमं आहेत, आणि पहिल्या शंभरांत न्यायाची मूळ सूत्रं येतात. 36वं कलम सांगतं की निवाडा करताना रिवाजाला प्रमाण मानावं. 43वं सांगतं की जे रिवाजाने सर्वांना ठाऊक आहे ते करारात अट घातल्यासारखंच धरावं. 44वं कलम हाच नियम व्यापाऱ्यांच्या आपसातल्या वहिवाटीला लावतं, आणि काळ बदलला की हुकूमही बदलतात हे 39व्यात आलंय. ही सूत्रं जेवदत पाशांनी नव्याने रचली नाहीत, त्याआधी कित्येक शतकं ती फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांच्या, ग्रंथांत होती.

ऑनलाइन खरेदी वैध ठरली ती याच सूत्रांच्या बळावर, हेही खरं. जे अजूनही म्हणतात की समोरासमोर बसून 'विकलं' आणि 'घेतलं' असं तोंडाने बोलल्याशिवाय सौदा होतच नाही, त्यांच्यासाठी फार वेळ घालवण्याचं कारण नाही. न बोलता नुसत्या देवघेवीने होणारा सौदा, ज्याला मुआतात म्हणतात, हनफींनी केव्हाच मान्य केला. शाफई पंथात जुना आग्रह शब्दांचाच होता. पण 1277 साली वारलेले इमाम नववी हे याच पंथाचे मोठे फकीह, आणि त्यांनी लोकांची चाल पाहून मुआतातच्या बाजूने कौल दिला. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. नानखटाई घेताना बेकरीवाल्याशी इजाब-कबूलचे, म्हणजे देऊ केल्याचे आणि स्वीकारल्याचे, शब्द उच्चारणारा कोकणी माझ्या पाहण्यात नाही. पत्राने झालेला सौदा बोलून झालेल्या सौद्यासारखाच, हेही मजल्लाच्या 69व्या कलमात आहे. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने मार्च 1990 मध्ये जेद्दाच्या अधिवेशनात टेलेक्स, फॅक्स आणि संगणकावरून होणारे करार वैध मानले, निकाह आणि चलनाची अदलाबदल यांसारखे अपवाद सोडून. बटण दाबून सौदा होतो. हा वाद मिटलेला आहे.

पण सौदा होतो एवढं मान्य केलं म्हणून त्या सौद्यातली प्रत्येक अट पवित्र होत नाही. इथेच समोरचे लोक एका पावलात दोन पायऱ्या चढतात.

पैगंबरांच्या काळातल्या मदीनेकडे पाहा. तिथला बाजार रिवाजांनी भरलेला होता. त्यातले काही राहिले, काही बंद झाले, आणि कोणते राहिले, कोणते गेले यातच माझ्या म्हणण्याचा आधार आहे. मदीनेचे लोक खजुराचे पैसे आगाऊ देत, एकेक, दोनदोन, तीनतीन वर्षं आधी. माल अजून झाडालाही लागलेला नसे. पैगंबरांनी हा रिवाज मोडला नाही. एवढंच सांगितलं की आगाऊ पैसे देणाऱ्याने माप ठरलेलं, वजन ठरलेलं आणि मुदत ठरलेली असेल असा सौदा करावा. इब्न अब्बास यांनी सांगितलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सलम नावाचा सौदा तिच्यावर उभा आहे, आणि आज आगाऊ पैसे भरून मागवलेल्या मालाचं समर्थन करताना तोच पुढे केला जातो.

आता दुसरा रिवाज. घडी केलेलं कापड रात्री किंवा दिवसा नुसतं हाताने चाचपायचं, उलगडून पाहायचं नाही, आणि हात लागला की सौदा पक्का. हा मुलामसा. किंवा एकाने आपलं कापड दुसऱ्याकडे फेकायचं, दुसऱ्याने आपलं याच्याकडे, आणि न पाहता सौदा पक्का. हा मुनाबजा. दोन्ही चाली बाजारात रुळलेल्या होत्या, लोकांना नावानिशी ठाऊक होत्या. 'सगळे करतात' हा निकष पुरेसा असता तर त्या टिकल्या असत्या. पैगंबरांनी दोन्हींना नाव घेऊन मनाई केली.

खजूर तर समोरही नव्हता, कापड निदान हाताखाली होतं. तरी खजुराचा सौदा राहिला आणि कापडाचा गेला. खजूर घेणाऱ्याला आपल्याला काय, किती आणि केव्हा मिळणार हे पक्कं माहीत होतं. कापड घेणाऱ्याला ते कळण्याची वाटच बंद केलेली होती. माझ्या दृष्टीने कसोटी हीच. जो रिवाज घेणाऱ्याला जाणू देतो तो राहतो, जो त्याला अंधारात बांधून घालतो तो कितीही रुळला तरी जातो. 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज' अशी पाटी लावून फोटोवर विकलेला ड्रेस मला मुलामसाच्याही पलीकडचा वाटतो, कारण तिथे निदान बोटांना पोत तरी कळत होता.

यावर जाणकार मंडळी म्हणतील, की अट आधीच लिहिलेली होती आणि गिऱ्हाइकाने मान्य करूनच पैसे भरले. इथे फिकहचे ग्रंथ उघडायला हवेत. न पाहता वस्तू घेणाऱ्याला हनफी फिकह पाहिल्यानंतर सौदा मोडण्याचा हक्क देतं. मजल्लाच्या 320व्या कलमात तो आहे. 1197 साली वारलेल्या मरगीनानींचा 'हिदाया' हा भारतातल्या हनफी मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जाणारा ग्रंथ. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी त्याचा इंग्रजी अनुवाद 1791 मध्येच निघाला होता. त्यात स्पष्ट आहे की वस्तू पाहण्यापूर्वी घेणारा 'मला पसंत आहे' असं म्हणाला, तरी पाहिल्यानंतरचा त्याचा हक्क बुडत नाही. ज्या गोष्टीची पसंती पाहिल्यावरच ठरते, तिचा हक्क पाहण्याआधी सोडून देता येत नाही. म्हणजे पैसे भरण्याआधी टिक करून घेतलेल्या 'परतावा नाही'च्या चौकोनाला खुद्द हनफी ग्रंथांत वजन नाही. शाफईंचं काय? त्यांच्या प्रचलित मतानुसार न पाहिलेली विशिष्ट वस्तू विकणंच वैध नाही, वर्णनावर सलम करता येतो. तिथे तर फोटोवाल्याची बाजू आणखी लंगडी पडते.

वर्णन देऊन बनवून घेतलेल्या मालाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, हे मान्य. मापाने शिवून घेतलेला अबाया वर्णनाबरहुकूम आला तर 'आता मन बदललं' म्हणून परत करणं कारागिरावर अन्याय. मजल्लाचं 392वं कलम अशा सौद्यात दोघांनाही बांधून ठेवतं. पण माल वर्णनाला उतरला नाही तर घेणाऱ्याचा हक्क तिथेही शाबूत आहे. सगळ्यात कडक नियमसुद्धा याच्या पुढे गेलेला नाही.

हनफी मताचा एक धागा विक्रेत्यांच्या कामाचा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कुठल्याही दोषाची जबाबदारी घेणार नाही असं आधीच सांगून विकलं तर दोषापोटी परतावा मागता येत नाही, असं हनफी मानतात. मजल्लाचं 342वं कलम तेच सांगतं. पण हा नियम समोर ठेवलेल्या, चाचपून, फिरवून पाहिलेल्या वस्तूच्या बाजारात वाढला. घोड्याच्या तोंडात हात घालून दात मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो होता. फोनच्या पडद्यावर दोन इंचांचं चित्र पाहणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लावायचा, आणि पाहिल्यानंतरचा हक्क मात्र विसरायचा, ही निवड सोयीची आहे. शाफईंनी तर ही सूट जवळपास जनावरांतल्या आतल्या, विकणाऱ्यालाही न कळलेल्या दोषांपुरतीच ठेवली. कुर्त्याच्या उसवलेल्या शिवणीला ती लागू होत नाही.

आता मूळ मुद्दा. रिवाज म्हणजे काय? फकीहांनी त्याला अटी घातल्यात. तो सरसकट चालू असावा, सौद्याच्या वेळी अस्तित्वात असावा आणि शरीयतच्या स्पष्ट हुकुमाविरुद्ध नसावा. या अटींच्या मागे एक साधी समजूत आहे. रिवाज दोघांच्याही मनात आधीपासून असतो, म्हणूनच तो न बोलता चालतो. चार नाणी चालणाऱ्या गावात 'दहा दिरहम' म्हटलं तर तिथे सर्रास चालणारं नाणं धरायचं, कारण दोघांनाही तेच अभिप्रेत होतं. माल गोदामातून उचलायचा की घरपोच, हमाली कुणी द्यायची, हे वहिवाटीवर ठरतं. करारात जिथे काही बोललं गेलं नाही तिथे रिवाज बोलतो. ॲपच्या चालकाने काल रात्री बदललेली, गिऱ्हाइकाने कधीच न वाचलेली अट ही रिवाज कशी होईल? ती एका पक्षाने दुसऱ्यावर घातलेली अट आहे. अट म्हणूनच तिची तपासणी व्हायला हवी.

अटींचीही परीक्षा याच ग्रंथांत आहे. सौद्याला जोडलेल्या वहिवाटीच्या अटी मजल्लाने 188व्या कलमात वैध मानल्या, आणि त्याची उदाहरणं फार बोलकी आहेत. फर विकताना त्याला कापड शिवून देण्याची अट. कुलूप विकताना ते दाराला ठोकून देण्याची अट. विकणाऱ्याने घेणाऱ्यासाठी थोडं जास्तीचं काम करावं, अशा त्या अटी आहेत. गिऱ्हाइकाचे हक्क काढून घेणारं त्यात एकही उदाहरण नाही. रिवाजाच्या नावाने आज जे चाललंय ते याच्या नेमकं उलट आहे.

'कुरिअरच्या ताब्यात दिलं की आमची जबाबदारी संपली' हे वाक्यही असंच रिवाज म्हणून पुढे येतं. मजल्लाचं 293वं कलम सांगतं की घेणाऱ्याच्या ताब्यात जाण्यापूर्वी माल विकणाऱ्याकडे नष्ट झाला तर नुकसान विकणाऱ्याचं. कुरिअर कंपनी कुणी निवडली? तिच्याशी करार कुणी केला? पार्सल हरवलं तर भरपाई कुणाच्या खात्यात जमा होते? तिन्हींचं उत्तर बहुतेक वेळा 'विक्रेता' असतं. मग तो कुरिअरवाला विक्रेत्याचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, झाला आणि त्याच्या हातातला माल विक्रेत्याच्याच हातात राहिला. कब्जा कशाला म्हणायचं हे रिवाज ठरवतो, हे कबूल. पण आपल्या शहरांत कुणालाही विचारा, पार्सल दाराशी आल्यावरच माणसं 'मिळालं' म्हणतात.

खोट्या ताऱ्यांबद्दल मतभेदाला जागाच नाही. घ्यायचं नसताना भाव वाढवण्यासाठी बोली लावणं किंवा मालाची खोटी तारीफ करणं याला नजश म्हणतात, आणि त्याला हदीसमध्ये थेट मनाई आहे. पडद्यावर 'फक्त 2 नग शिल्लक' असं खोटंच लुकलुकवणंही त्याच घरातलं. दुभत्या जनावराची कास भरलेली दिसावी म्हणून धार न काढता ते बाजारात आणणं हीदेखील अरबस्तानातली पशुपालकांची जुनी चाल होती. त्यावर पैगंबरांनी घेणाऱ्याला मुभा दिली. धार काढून पाहिल्यावर ठेवायचं तर ठेवावं, नाही तर एक सा (धान्य मोजायचं जुनं माप) खजुरासह परत करावं. परत करण्याच्या या पद्धतीवर हनफींचं मत वेगळं आहे. पण कास तुंबवून विकणं ठीक आहे असं एकाही पंथाने म्हटलेलं नाही, आणि पशुपालक सगळे तसंच करत हे कारण कुणी दिलेलं नाही.

यातला मला सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न वेगळाच आहे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव इथल्या कितीतरी बायका घरबसल्या कपडे, अत्तर, बुरखे विकतात. घाऊक व्यापारी फोटो पाठवतो, त्या स्वतःचा नफा चढवून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकतात, मागणी आली की व्यापाऱ्याला कळवतात आणि पार्सल थेट गिऱ्हाइकाकडे जातं. माल त्यांनी कधी पाहिलेलाही नसतो. हकीम इब्न हिजाम हे पैगंबरांचे सहकारी, आणि स्वतः व्यापारीच. त्यांनी पैगंबरांना नेमकं हेच विचारलं होतं. लोक माझ्याकडे जवळ नसलेली वस्तू मागतात, मी सौदा करून मग बाजारातून आणून देऊ का? उत्तर मिळालं, जे तुझ्याजवळ नाही ते विकू नकोस. चौदाशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आणि आजची रीसेलिंग यांत तसूभरही अंतर नाही. याला रिवाज म्हणून झाकता येणार नाही, कारण इथे हदीसच समोर उभी आहे.

पण म्हणून त्या बायकांना गुन्हेगार ठरवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. घरातला पुरुष आखाती देशात, किंवा यंत्रमाग बंद, आणि महिन्याचा खर्च या पार्सलांवर चालतो. त्यांना वाट मोकळी आहे. 'हा माल अमुक व्यापाऱ्याचा, मी दलाल, माझी दलाली इतकी' असं उघड सांगितलं की त्या विक्रेत्या राहत नाहीत, व्यापाऱ्याच्या वकील होतात, आणि दलालीची कमाई फिकहमध्ये बिनदिक्कत हलाल आहे. दलाली उघड करायला व्यापारी तयार होत नाहीत, अडचण तिथे आहे. म्हणून जाब विचारायचा तो व्यापाऱ्याला. 'सगळ्या करतात' असं या बायकांच्या तोंडी घालून तो मोकळा होतो, आणि माल खराब निघाला की शिव्या मात्र त्यांना मिळतात.

गिऱ्हाइकंही रिवाजाच्या आडोशाला जातात. ईदसाठी मागवलेला कुर्ता ईदच्या दिवशी घालून दुसऱ्या दिवशी 'बसत नाही' म्हणून परत. कॅश ऑन डिलिव्हरीवर तीन जोड मागवायचे आणि दाराशी आलेल्या मुलाला तिन्ही परत न्यायला लावायचं, तेही घ्यायचा विचारच नसताना. दोष दिसल्यावरही वस्तू वापरत राहिलं तर परताव्याचा हक्क संपतो, हे फकीहांचं सर्वसाधारण मत आहे. दोन्ही वेळचा कुरिअर खर्च एखाद्या छोट्या विक्रेत्याच्या गळ्यात टाकणं हा त्याच्या मालावरचा जुलूम आहे.

भारतात या सौद्यांना शरीयतचा कायदा लागत नाही. 1937च्या शरीयत कायद्यात निकाह, तलाक, वारसा, हिबा, वक्फ असे विषय आहेत, मालाची खरेदी-विक्री नाही. ती 1872चा करार कायदा, 1930चा मालविक्री कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा यांखाली येते. जुलै 2020 मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांत म्हटलंय की माल सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून परीक्षणं लिहिण्यालाही त्यात मनाई आहे, आणि आधीच टिक केलेला चौकोन ही संमती मानली जात नाही. खोटी घाई दाखवून विकण्यासह फसव्या रचनेचे 13 प्रकार 30 नोव्हेंबर 2023च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहेत. यावर काही जण म्हणतात, हे सरकारचे नियम, दीनशी त्यांचा काय संबंध? संबंध तुमच्याच युक्तिवादातून निघतो. जे सर्वांना ठाऊक आहे ते अट घातल्यासारखं धरावं, हे 43वं कलम तुम्हीच पुढे करता ना? मग सदोष माल परत घेतला जाईल ही समजूत आज देशातल्या गिऱ्हाइकांच्या मनात पक्की बसलेली आहे, कायद्याने तिला आधार दिलाय आणि मोठी दुकानं रोज ती पाळतात. रिवाज शोधायचाच असेल तर तो इथे आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो.

1836 साली वारलेले दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांनी रिवाजावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ज्या लोकांना मुफ्ती हुकूम सांगतो, त्यांची चालरीत त्याला माहीत असलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आज दारुल इफ्तांकडे, म्हणजे फतवा देणाऱ्या केंद्रांकडे, जाणारा प्रश्न असतो, 'ऑनलाइन व्यापार जाइज आहे का?' मुफ्ती उत्तर देतात, 'अटींसह जाइज', आणि तो कागद पुढे पाठवताना अटींच्या ओळी गळून पडतात. प्रश्न बदलायला हवा. विक्रेत्याच्या पानावरची 'परतावा नाही'ची ओळ जशीच्या तशी मुफ्तींसमोर ठेवावी. माल कुणाच्या गोदामात आहे, पैसे आधी कुणाच्या खात्यात पडतात, वाटेत फुटला तर कोण सोसतो, तारे कुणी दिले, हे सगळं लिहून द्यावं. आणि हा प्रश्न विक्रेत्यानेच न्यावा असंही नाही. जिचे पैसे गेले आणि फाटका दुपट्टा हाती आला, त्या गिऱ्हाइकाने तो न्यावा, पावती आणि फोटो सोबत घेऊन.